अर्ध्या मिलिलिटरचा प्रश्न

वाचकाचे पत्र : रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक म्हणून काम करायला लागून मला आठ महिने झाले. गेल्या महिन्यात मधमाशी चावल्यानंतर अंगावर गांधी उठलेल्या, घसा सुजू लागलेल्या आणि रक्तदाब घसरत असलेल्या एका प्रौढ रुग्णाकडे आम्ही पोहोचलो. मी ॲड्रिनलीनची अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, फोडली, सगळे १ मिलिलिटर औषध सिरिंजमध्ये ओढले आणि सहकाऱ्याने नुकत्याच लावलेल्या शिरेतल्या कॅन्युलाला, म्हणजे औषध देण्याच्या बारीक नळीला, ती सिरिंज जोडायला गेले. त्याने विचारले, "काय देते आहेस, किती आणि कुठून?" तेव्हा माझा हात थांबला. शेवटी अर्धा मिलिलिटर औषध मांडीच्या स्नायूत दिले आणि रुग्ण सुधारला. पण त्या दिवसापासून औषधांची बॅग उघडताना माझे हात थरथरतात. एक वरिष्ठ म्हणतात की डोस तोंडपाठ नसतील तर हे काम आपले नव्हे. मी चाळीसेक औषधांचा तक्ता पाठ करते आहे आणि ऐन वेळी नेमके काहीच आठवत नाही. रुग्णासमोर डोसांचे कार्ड काढून पाहणे कमीपणाचे आहे का? कार्ड पाहण्यात वेळ जात नाही का? आणि जे घडलेच नाही, त्याची नोंद करायची का?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे शब्द आपण सहज लिहून गेला आहात. ते म्हणजे "सगळे १ मिलिलिटर औषध सिरिंजमध्ये ओढले". आपली चूक शिरेजवळ घडता घडता राहिली असे आपल्याला वाटते. मला मात्र ती त्याआधी, अँप्यूल फोडल्यावर लगेच सुरू झालेली दिसते. ज्या क्षणी सिरिंजमध्ये हव्या त्या मात्रेच्या दुप्पट औषध आले, त्या क्षणापासून रुग्णाची सुरक्षितता "अर्धेच ढकलायचे आहे" या आठवणीवर अवलंबून राहिली, आणि जीव घाबरलेल्या माणसाची आठवण हा फार कच्चा आधार असतो. यापुढे एक सवय लावून घ्यावी. जेवढे द्यायचे आहे तेवढेच ओढावे, तेही १ मिलिलिटरच्या बारीक खुणांच्या सिरिंजमध्ये, आणि उरलेली अँप्यूल बाजूला ठेवावी. दुसरा डोस लागला तर तो पुन्हा नव्याने, पुन्हा वाचून ओढावा. हा नियम साधा आहे, पण तो पाळला असता तर त्या दिवशी हात चुकीच्या दिशेने गेला असता तरी निम्मेच औषध शिरेत गेले असते. तेही धोकादायकच ठरले असते, म्हणून मार्गाचा प्रश्न वेगळा पाहू.

ॲड्रिनलीनच्या बाबतीत गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण तेच औषध, त्याच बॅगेतून, दोन अगदी वेगळ्या प्रसंगी दोन वेगळ्या मार्गांनी दिले जाते. तीव्र ॲलर्जीच्या झटक्यात, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसमध्ये, प्रौढ रुग्णाला ०.५ मिलिग्रॅम औषध मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत देतात, आणि सुधारणा दिसली नाही तर साधारण ५ मिनिटांनी पुन्हा देतात. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला मात्र १ मिलिग्रॅम शिरेतून, दर ३ ते ५ मिनिटांनी दिले जाते. तिथे रक्ताभिसरण केवळ आपल्या हातांच्या दाबावर चाललेले असते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करून हृदयाच्या स्नायूपर्यंत रक्त पोहोचवणे हाच हेतू असतो. तोच १ मिलिग्रॅम धडधडणाऱ्या, जिवंत हृदयाच्या माणसाला शिरेतून एकदम दिला, तर रक्तदाब अचानक प्रचंड चढतो, हृदयाची लय बिघडते, हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचाही संभव असतो. आपल्या सहकाऱ्याच्या एका प्रश्नाने हे सारे टळले, हे मान्य करण्यात आपला कमीपणा नाही.

मांडीच्या स्नायूचा आग्रह कशासाठी, हेही नीट समजून घ्यावे, कारण कारण समजले की मार्ग विसरत नाही. मांडीच्या त्या स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे औषध काही मिनिटांत, पण एका झटक्यात नव्हे, रक्तात उतरते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ॲलर्जीचा त्रास असलेल्या मुलांवरील एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रिनलीन रक्तात सरासरी ८ मिनिटांत शिखरावर पोहोचले, तर त्वचेखाली दिलेल्याला सरासरी ३४ मिनिटे लागली. म्हणजे त्वचेखाली दिले तर फार उशीर होतो आणि शिरेतून एकदम दिले तर फार घाई होते. मांडीचा स्नायू या दोहोंच्या मधली जागा राखतो. शिवाय त्यासाठी शीर शोधावी लागत नाही. मला तर वाटते की आपल्या प्रसंगात शीर आधीच लावलेली होती, हेच अर्धे संकट होते. समोर तयार वाट दिसली की हात आपसूक तिकडे वळतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये आधी मांडीत इंजेक्शन आणि मग शीर, असा क्रम आपल्या दोघांमध्ये ठरलेला असेल, तर ही वाट समोर येणारच नाही.

दुसरा सापळा प्रमाणाच्या भाषेचा आहे. १:१००० म्हणजे १००० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम, अर्थात १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. आणि १:१०,००० म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ०.१ मिलिग्रॅम. आकडा मोठा, पण औषध दहापट सौम्य! थकलेल्या डोळ्यांना एक शून्य वाचायचे राहून जाणे किती सोपे आहे, हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेत २०१६ पासून अशा औषधांच्या वेष्टनावर ही गुणोत्तरे छापणे बंद करून मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम एवढेच लिहिण्याची पद्धत आणली गेली, तीही अशाच घोटाळ्यांमुळे. आपल्या अँप्यूलवर गुणोत्तर छापलेले असले, तरी आपण ते तोंडाने उच्चारू नये. नेहमी "एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम" असेच म्हणावे. आणि या दोन तीव्रतांच्या अँप्यूल एकाच कप्प्यात ठेवलेल्या असतील, तर त्या वेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची विनंती प्रभारींकडे लेखी करावी.

आता पाठांतराकडे येतो. आपल्या वरिष्ठांचा हेतू चांगला असेल, पण त्यांचे म्हणणे मला पटत नाही. चाळीस औषधांचे आकडे एकसारख्या आग्रहाने पाठ केले की ते एकमेकांत मिसळतात, आणि नेमके कधी मिसळले हे आपल्याला कळत नाही. विसरलेल्या आकड्यापेक्षा खात्रीने आठवलेला चुकीचा आकडा फार घातक असतो. बॅगेतील औषधांचे दोन भाग करावेत, असे मी सुचवेन. ज्यांच्यासाठी कार्ड शोधण्याइतकीही उसंत नसते अशी मोजकी औषधे, म्हणजे ॲड्रिनलीन, प्राणवायू, साखरेचे द्रावण, झटके थांबवणारे औषध, अफूवर्गीय औषधांचा परिणाम उतरवणारे नॅलोक्सोन, छातीत दुखण्यासाठीची ॲस्पिरिन आणि दम्याचे फवाऱ्याचे औषध, ही इतकी खोलवर समजून घ्यावीत की त्यांच्याबद्दल आपण दुसऱ्याला शिकवू शकू. उरलेली सगळी कार्डावर पाहून द्यावीत, आणि पाहून देतो आहोत हे मोठ्याने सांगावे. रुग्णाच्या नातेवाइकाला कार्ड वाचणारा माणूस अडाणी वाटेल ही भीती मला अनाठायी वाटते. मी स्वतः वीसहून अधिक वर्षे या कामात काढली आहेत आणि लहान मुलाच्या डोसासाठी आजही कार्ड काढतो.

खोलवर समजून घेणे म्हणजे काय, तेही सांगतो, कारण तक्त्यात ते सहसा नसते. औषध किती द्यायचे हे तक्ता सांगतो. ते केव्हा काम करू लागते, किती वेळ टिकते आणि कोणाला देऊ नये, हे मात्र तो क्वचितच सांगतो, आणि रुग्णवाहिकेतील काही गफलती याच तीन ठिकाणी होतात.

वेदनाशामक मॉर्फिनचे उदाहरण घ्या. शिरेतून दिल्यावर त्याचा परिणाम काही मिनिटांत जाणवू लागतो, पण पूर्ण भर यायला २० मिनिटांच्या आसपास लागू शकतात. मोडलेल्या मांडीने कळवळणारा माणूस पाचव्या मिनिटाला "काही उपयोग नाही" म्हणतो, आपल्याला त्याची दया येते, आणि पहिला डोस शिखरावर पोहोचायच्या आत दुसरा दिला जातो. मग रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत दोन्ही डोस एकत्र चढतात आणि श्वास मंदावतो. थोडे देणे, घड्याळ पाहणे, श्वास मोजणे आणि मगच पुढचे थोडे देणे, हाच यावरचा उपाय आहे. फेंटॅनिल हे दुसरे वेदनाशामक याहून लवकर चढते आणि लवकर उतरते, म्हणून एकाची घड्याळे दुसऱ्याला लावू नयेत.

नॅलोक्सोनची गोष्ट याच्या उलट आहे. अफूवर्गीय औषधांनी श्वास थांबत आलेल्या माणसाला ते दिले की तो काही मिनिटांत श्वास घेऊ लागतो. पण नॅलोक्सोनचा प्रभाव साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, आणि पोटातील किंवा रक्तातील मूळ औषध अनेकदा त्याहून जास्त वेळ टिकते. मेथाडोनसारखे अफूवर्गीय औषध तर पुष्कळच जास्त. शुद्धीवर आलेला माणूस "मला काही झालेले नाही, उतरवा" म्हणू लागतो, आणि इथे आपल्याला ठाम राहावे लागते, कारण तासाभराने तो पुन्हा निपचित पडू शकतो. लक्ष्य त्याला खडबडून जागे करण्याचे नसावे. तो स्वतःहून पुरेसा श्वास घेतो आहे, इतकेच पुरे. म्हणून ०.४ मिलिग्रॅमसारख्या लहान मात्रेपासून सुरुवात करून वाढवत नेतात. आणि औषध ओढायच्या आधी मास्क व पिशवीने श्वास देणे सुरू झालेले असले पाहिजे, हे मी मुद्दाम लिहितो, कारण सिरिंजच्या नादात ते राहून गेलेले मी पाहिले आहे.

झटक्यांच्या बाबतीत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आपल्यासारख्यांच्या फार उपयोगाचा आहे, कारण तो रुग्णवाहिकेतच केला गेला होता. सतत झटके येत असलेल्या रुग्णांपैकी काहींना मिडाझोलाम स्नायूत आणि काहींना लोराझेपाम शिरेतून दिले गेले; दोन्ही झटके थांबवणारी औषधे. रुग्णालयात पोहोचेपर्यंत पहिल्या गटातील सुमारे ७३ टक्के रुग्णांचे झटके थांबले होते, तर दुसऱ्या गटातील सुमारे ६३ टक्के. लोराझेपाम शिरेत गेल्यावर कमी पडते असे यातून निघत नाही. झटके येणाऱ्या हातात शीर शोधण्यात जी मिनिटे जातात, ती औषधाच्या वेगापेक्षा भारी पडतात. लोराझेपामला थंड जागा लागते आणि उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत ते टिकत नाही, ही आणखी एक अडचण. गाडीतील औषधांची मुदत आपण पाहता, तसे तापमानही पाहत जावे. मुदत वेष्टनावरच्या साठवणीच्या अटी पाळल्या असतील तरच खरी असते.

कोणाला देऊ नये, याचे ठळक उदाहरण म्हणजे हृदयविकाराने छातीत दुखत असताना जिभेखाली देण्याचे नायट्रोग्लिसरिन. वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल तर ते देत नाहीत. तसेच रुग्णाने लैंगिक दुर्बलतेवरचे सिल्डेनाफिल गेल्या २४ तासांत किंवा त्याच वर्गातले टाडालाफिल गेल्या ४८ तासांत घेतले असेल, तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. हा प्रश्न विचारायला अनेक जण संकोचतात, आणि घरच्यांसमोर विचारला तर उत्तर नेहमीच खरे मिळेल असेही नाही. माझी पद्धत अशी, की गाडीचे दार बंद झाल्यावर हलक्या आवाजात, "हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो" असे सांगून विचारायचे. आणि खरोखरच सगळ्यांना, स्त्रियांनाही, कारण फुप्फुसातील रक्तदाबाच्या आजारात हीच औषधे स्त्रियाही घेत असतात.

प्राणवायूही औषधच आहे, एवढेच इथे म्हणतो. फुप्फुसांच्या जुनाट अडथळ्याच्या आजारात, म्हणजे सीओपीडीमध्ये, रक्तातील प्राणवायूच्या पातळीचे लक्ष्य ८८ ते ९२ टक्के असते, ९९ नव्हे.

लहान मुलांकडे मात्र थोडे थांबावे लागेल. मोठ्यांमध्ये चूक बहुधा दुपटीची होते, मुलांमध्ये दहापटीची, कारण तिथे सगळा हिशेब दशांश चिन्हावर असतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये मुलाला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ॲड्रिनलीन द्यायचे असते, आणि कमाल मर्यादा ०.५ मिलिग्रॅमची. १४ किलोच्या मुलाला ०.१४ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असलेल्या अँप्यूलमधून ०.१४ मिलिलिटर. हा हिशेब रडणाऱ्या आईसमोर, हलत्या गाडीत, मनात करायचा नसतो. उंचीवरून वजन व डोस सांगणारी फीत किंवा वजनानुसार तयार केलेले कार्ड असेल तर तेच वापरावे, आणि नसेल तर निघताना, वाटेत, फोनवर वय व वजन विचारून आकडा कागदावर लिहून ठेवावा. लिहिताना दशांशाच्या आधी शून्य अवश्य द्यावे आणि नंतर निरर्थक शून्य कधीही देऊ नये, कारण ०.५ मधील शून्य गळले आणि उरलेले टिंब दिसले नाही तर ५ होते, आणि ५.० मधील टिंब दिसले नाही तर ५० होते. मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिहावा, कारण त्याचा संक्षेप घाईत मिलिग्रॅमसारखा वाचला जातो.

वेळेबद्दल आपण विचारले आहे. नर्सिंगच्या वर्गात औषधाच्या "योग्य" गोष्टींची जी यादी शिकवतात, तिची सुरुवात योग्य रुग्णापासून होते, आणि तीस खाटांच्या वॉर्डात ते बरोबरच आहे. आपल्याकडे रुग्ण बहुधा एकच असतो, तो बदलण्याची भीती कमी. आपल्याकडे चुकते ते तीव्रतेत, मात्रेत आणि मार्गात. म्हणून अँप्यूल हातात धरून, लेबलकडे पाहत, सहकाऱ्याला मोठ्याने म्हणायचे: "ॲड्रिनलीन, एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम, अर्धा मिलिग्रॅम म्हणजे अर्धा मिलिलिटर, मांडीच्या स्नायूत, मुदत शिल्लक आहे, ॲनाफिलॅक्सिससाठी." सहकाऱ्याने नुसते "हो" म्हणून चालणार नाही, त्याने स्वतः लेबल वाचून तेच परत म्हटले पाहिजे. याला एका दीर्घ श्वासाइतका वेळ लागतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये ॲड्रिनलीन उशिरा दिल्याने माणसे दगावतात हे खरे आहे, पण तो उशीर लेबल वाचण्यामुळे होत नाही. तो निदानाबद्दल कच खाण्यामुळे, आधी ॲलर्जीच्या गोळ्या देऊन वाट पाहण्यामुळे आणि शिरेच्या मागे लागण्यामुळे होतो. एकट्याने औषध द्यावे लागले, तर हेच वाक्य स्वतःशी, पण आवाज करून म्हणावे. आणि मग सिरिंज भरलेली असताना पुन्हा एकदा अँप्यूलच्या लेबलकडे पाहावे.

सिरिंजबद्दल एक जुनी आठवण. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रात्री माझ्या हातात दोन सिरिंज होत्या, दोन्हींत पाण्यासारखे द्रव, आणि दोन्हींवर लेबल नाही. एकात साधे सलाईन होते आणि दुसऱ्यात मिडाझोलाम, एवढे मला ठाऊक होते; कोणती कोणती, हे नव्हते. मी अंदाज बांधू लागलो, डावीकडची आधी भरली असावी असे काहीसे, आणि मग लाज वाटून दोन्ही फेकून दिल्या व नव्याने भरल्या. मिडाझोलाम नियंत्रित औषध असल्याने वाया गेलेल्या मात्रेचा हिशेब साक्षीदारासह नोंदवावा लागला, आणि वरिष्ठांनी कान उपटले. तरीही तो माझ्या त्या वर्षातील सर्वांत बरोबर निर्णय होता असे मी आजही मानतो. औषध भरले की लगेच लेबल, आणि लेबल नसलेली सिरिंज कोणाचीही असो, ती वापरायची नाही.

हातांच्या थरथरीसाठी पाळी सुरू होताना दहा मिनिटे काढावीत. मुदत संपलेल्या, सरावासाठी बाजूला ठेवलेल्या अँप्यूल किंवा नुसते पाणी घेऊन आपण आणि सहकारी मिळून एक प्रसंग खेळावा: कप्पा उघडणे, वाचणे, बोलणे, मोजून ओढणे, लेबल लावणे. सरावाचे साहित्य खऱ्या बॅगेच्या जवळही ठेवू नये. हाताला क्रम ठाऊक झाला की भीती राहते, पण ती कामाच्या आड येत नाही. अर्थात इथे दिलेल्या मात्रा सर्वसाधारण आहेत. आपल्या सेवेचा प्रोटोकॉल आणि आपला परवाना जे सांगतो तेच अंतिम, आणि शंका आली की फोनवरील डॉक्टरांना विचारण्यात एका क्षणाचाही संकोच नसावा.

राहिला नोंदीचा प्रश्न. नोंद अवश्य करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आवाहन केले. असे काही साधायचे, तर जिथे इजा होता होता राहिली ते प्रसंग कळणे आवश्यक असते, कारण त्यांत तीच कारणे असतात आणि सांगायला माणूस जिवंत व स्वस्थ असतो. लिहिताना "माझा निष्काळजीपणा" असा शब्दप्रयोग टाळावा. तो खोटा आहे म्हणून नव्हे, तर त्यातून पुढच्या माणसाला काही कळत नाही म्हणून. त्याऐवजी नेमके लिहावे : अँप्यूल कोणत्या कप्प्यात होती, तिच्यावर प्रमाण कसे छापले होते, प्रकाश पुरेसा होता का, सिरिंज कोणत्या मापाची होती, शीर आधी का लावली गेली, आणि कोणत्या प्रश्नाने चूक थांबली. तो प्रश्न विचारणाऱ्या सहकाऱ्याचा उल्लेखही करावा. त्याला विचारून घ्या, त्या दिवशी तो आपोआप बोलला की कोणी त्याला ते शिकवले होते. शिकवले असेल, तर ते आपल्या सेवेत सगळ्यांना शिकवता येईल, आणि नोंदीच्या शेवटच्या रकान्यात सूचना म्हणून तेच लिहिता येईल.